ऊन उतरवणारी

पाणी काही उकळेना.

त्साम्बिका आत्याने पाण्याने भरलेल्या पेल्यावर पांढरं फडकं ताणून बांधलं होतं, पेला स्टेर्गोसच्या टाळूवर उलटा धरला होता आणि ओठांतल्या ओठांत सूर्याची विनवणी चालली होती. एरवी तिसऱ्या आवर्तनाला बुडबुडे सुटायचे. डोक्यातलं ऊन पाण्यात उतरायचं नि माणूस उठून जेवायला बसायचा. आज नऊ आवर्तनं झाली तरी पाणी ढिम्म.

मिर्तो दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. अथेन्सहून नाटक घेऊन रोड्स बेटावर, वडिलांच्या गावी आलेली ही भाची. नाटक सूर्यदेव हेलिओसचं. प्रकाश खराच हवा म्हणून या दिग्दर्शिका बाईसाहेबांनी तालीम भर दुपारी, जुन्या खाणीत ठेवली आणि हेलिओस झालेल्या स्टेर्गोसच्या डोक्यावर पितळेचा मुकुट चढवला. परवा तो कोसळला. डॉक्टरांनी सलाईन लावलं, धोका टळला, पण डोकं मात्र ठणकतच राहिलं.

"सूर्याचं सोंग घेतलं नि सूर्यच बाधला," आत्या सकाळी म्हणाली होती. "आण त्या रेड्याला."

आता तिने पेला खाली ठेवला. "हातगुण गेला माझा."

"आत्या, फडकं घट्ट बसलं असेल."

"पन्नास वर्षं बांधतेय गं फडकं." तिने हात पुसले. "बाबांचंही असंच झालं. एका उन्हाळ्यात पाणी उकळलं नाही. महिनाही काढला नाही त्यांनी. ऐक, कपाटात खालच्या खणात निळा झगा आहे, मी गेले की तो घाल मला. काळा नको. जन्मभर काळाच घातलाय."

मंत्रातंत्रावर मिर्तोचा काडीचा विश्वास नव्हता, पण पाणी का उकळलं नाही म्हणून विचारलं असतं, तर त्या घरात उत्तर तिच्याकडेच होतं. गावातली अट साधी: मंत्र पुरुषाने बाईला द्यायचा, बाईने पुरुषाला. बाईचा बाईला कळला की मेला. आजोबांनी म्हणूनच तो लेकीला दिला होता. आणि मे महिन्यात मिर्तोने आत्याचा मंत्र टिपायला टॉवेलांच्या ढिगात फोन चालू करून ठेवला होता. साधी माणसं याला चोरी म्हणतात, कलावंत संशोधन म्हणतात.

गप्प राहावं, तर म्हातारी मरणाची तयारी करत बसणार. बोलावं, तर या दारात पुन्हा पाय कसा ठेवायचा?

"आत्या, हातगुण नाही गेला तुझा. मंत्र चोरला मी. फोनवर."

आत्याने मान वर केली. "ऐकलास?"

"हो."

"एकटीनेच?"

"नाही. कोरसमधल्या सहा मुलींनी पाठ केलाय. शनिवारी प्रयोगात गाणार आहेत."

"मीपण ऐकलाय," स्टेर्गोस डोळे मिटूनच पुटपुटला.

"तू गप रे. तुझं चालतं."

आत्या खुर्चीत टेकली. आधी तिच्या चेहऱ्यावर चक्क सुटका दिसली. "म्हणजे मी मरत नाहीये," ती म्हणाली आणि हसलीसुद्धा. मग हसू थांबलं. ती आपल्या तळव्यांकडे बघत राहिली, आणि मिर्तोला वाटलं, हिने आपल्याला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

"तो भाग काढून टाकते मी. आजच."

"नाटकातून काढशील. त्या सहा पोरींच्या डोक्यातून कसा काढशील?"

बाहेर फाटक वाजलं. कलिंगडाच्या शेतातून गावातला सव्वास येत होता, दर जुलैत यायचा तसा, डोक्यावर ओला टॉवेल, एका हाताने कपाळ दाबून धरलेलं.

"त्साम्बिका, आहेस ना गं? मेलो उन्हाने."

आत्या उठली. पेल्यातलं पाणी तिने खिडकीखालच्या तुळशीसारख्या रोपावर ओतलं, फडकं घडी घालून ठेवलं.

"तू सांग त्याला," ती मिर्तोला म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली.