सहा दुधी पत्रे

ग्रंथपालांनी हिरव्या पत्र्याचा वीतभर तुकडा बायकोच्या डोक्यावर धरला आणि दुसऱ्या हाताने वहीत लिहायचा प्रयत्न केला. वही खाली पडली.

"हलू नकोस," ते म्हणाले.

"मी कुठे हलतेय? मशीन हलतंय."

मशीन घरातून मागच्या अंगणात ओढून आणलं होतं आणि त्याचा एक पाय फरशीवर नीट टेकत नव्हता. बायको कुणाच्या तरी शर्टाची कॉलर शिवत होती. हिरव्या उजेडात ती पांढरी कॉलर शेवाळ धरल्यासारखी दिसत होती. बायकोचा चेहराही फारसा बरा दिसत नव्हता, पण ते ग्रंथपालांनी वहीत लिहिलं नाही.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"मी काही बोलणार नाही. ठरलंय आपलं."

ठरलं होतं ते खरंच. एका लग्नात, चारचौघांत, ग्रंथपाल बोलून गेले होते की आमच्या घरात आम्हाला कोण विचारतो. लोक हसले. बायकोही हसली. घरी आल्यावर चपला काढता काढता ती म्हणाली, "अंगणावर छप्पर घालायचंय ना? ते तुम्ही ठरवा. पत्रा कसला, रंग कुठला, माणूस कोण, सगळं. मी तोंडातून अक्षर काढणार नाही."

एकोणचाळीस वर्षांत पडदे तिने निवडले होते, कपाट तिने, फरशी तिने. त्यांच्या चष्म्याची फ्रेमसुद्धा तिनेच निवडली होती आणि ती त्यांना शोभत होती, हे त्यातलं सगळ्यात वाईट. आता छप्पर आलं होतं. ग्रंथपालांना पहिल्या रात्री झोप लागली नाही.

छप्पर हवं होतं ते मशीनसाठी. आतल्या खोलीत तिला दिसत नाहीसं झालं होतं. ती तसं म्हणाली नव्हती. पण गेल्या काही महिन्यांत "जरा एवढा दोरा ओवून देता का, माझे हात ओले आहेत" असं तिने चार वेळा म्हटलं होतं, आणि चारही वेळा ग्रंथपालांनी पाहिलं तर हात कोरडे होते. अंगणात उजेड होता, पण ऊनही होतं. ऊन गाळून उजेड तेवढा आत सोडणारं काहीतरी हवं होतं.

दुकानदाराने पहिल्याच दिवशी सांगितलं की असं काहीतरी म्हणजे पॉलीकार्बोनेट, प्लॅस्टिकचा टणक पत्रा. मग त्याने भरीव पत्रा दाखवला, आत कप्पे असलेला पोकळ पत्रा दाखवला, पारदर्शक, दुधी, निळा, हिरवा, ब्राँझ, सगळे दाखवले आणि विचारलं, "कुठला देऊ?"

"सगळ्यांचे तुकडे द्या," ग्रंथपाल म्हणाले.

अकरा आठवडे ते तुकडे अंगणात होते. सकाळी दहाला, दुपारी एकला आणि चारला ग्रंथपाल प्रत्येक तुकड्याखाली शब्दकोशाचं पान धरून बारीक अक्षर कुठवर वाचता येतं ते पाहत. उष्णता मोजायला घरात ताप बघायचा थर्मामीटर होता, तो लावला. सगळ्याच पत्र्यांना ताप निघाला. पारदर्शकाला तर इतका, की पारा वरच्या टोकाला जाऊन अडकला तो उतरेचना. निळ्याखाली बसल्यावर आपण माशांच्या टाकीत आहोत असं वाटे. ब्राँझखाली पांढरं कापड चहात बुडवल्यासारखं होई. पोकळ पत्र्याच्या कप्प्यांत चौथ्या आठवड्यात मुंग्यांनी संसार थाटला. त्याचीही नोंद झाली.

दुकानदार आता त्यांना लांबून येताना पाहिलं की चहा सांगायचा. "ग्रंथपालसाहेब, एवढं तर मी मुलीसाठी स्थळ बघताना फिरलो नव्हतो," तो एकदा म्हणाला.

"मुलीला नाही म्हणायची सोय असते," ग्रंथपाल म्हणाले. "पत्रा काही बोलत नाही."

शेवटी त्यांनी भरीव दुधी पत्रा ठरवला. त्याखाली लाल दोरा लाल दिसत होता आणि काळा काळा, निळ्यात आणि काळ्यात चूक होत नव्हती. त्यांनी ते बायकोला सांगितलं. तिने मान हलवली, पण ती हो म्हणून हलवली की कॉलरचा कोपरा वळवताना हलली, हे त्यांना कळलं नाही.

पत्रे आले ते आदल्या संध्याकाळी. सहा. फिटर सकाळी दहाला येणार होता. ग्रंथपाल सातला उठून अंगणात गेले. पत्र्यांना दोन्ही अंगांनी प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला होता, एका बाजूला कोरा, दुसऱ्या बाजूला छापील. छापील बाजूवर लिहिलं होतं: 'या बाजूला ऊन सोसणारा थर आहे. बसवताना ही बाजू वर ठेवावी.' ग्रंथपालांनी ते दोनदा वाचलं. साधं, सुटसुटीत वाक्य होतं आणि त्यात एकही चूक नव्हती. हल्ली असं क्वचित सापडतं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मग त्यांनी पापुद्रे सोलायला सुरुवात केली.

वाचनालयात तेहतीस वर्षं हेच झालं होतं. नवीन पुस्तक यायचं ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं. ते काढल्याशिवाय पुस्तक मांडणीत ठेवायचं नाही, हा नियम त्यांनीच केला होता आणि शिपायापासून वरच्या साहेबांपर्यंत सगळ्यांना पाळायला लावला होता. नवी वस्तू वेष्टनात ठेवलेली त्यांना बघवत नसे. त्यांनी पहिला पत्रा जमिनीवर अंथरलेल्या चादरीवर ठेवला, वरचा पापुद्रा काढला, उलटवून खालचा काढला, पत्रा भिंतीला टेकवला. मग दुसरा.

खिडकीत बायको कापड बेतायला बसली होती. कापड कुठलंही असो, कात्री लावायच्या आधी ती उलट्या बाजूला मेणाच्या निळ्या खडूने कोपऱ्यात छोटीशी फुली मारायची. रेशमाला मारायची, फडक्याला मारायची. एकदा घाईत तिने ग्रंथपालांच्या नवीन रुमालावरही मारली होती.

दुसऱ्या पत्र्याच्या वेळी ती खोकली. तिसऱ्याच्या वेळी मोठ्याने खोकली.

"पाणी पी," ग्रंथपाल मान वर न करता म्हणाले.

पापुद्रे वाऱ्याने उडायला लागले तसे ते नीट घड्या घालून पुढच्या खोलीत ठेवून यायला लागले. छापील वेगळे, कोरे वेगळे. प्रत्येक पत्र्यामागे एक फेरी. सगळं झाल्यावर त्यांनी सुतळीने दोन गठ्ठे बांधले, आंघोळ केली आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

फिटर आला तो त्याच्या मेहुण्याला घेऊन. मेहुणा वयाने मोठा होता आणि बोलत नव्हता. अंगणावर लोखंडी पाइपचा सांगाडा आधीच उभा होता. फिटरने शिडी लावली, भिंतीला टेकवलेल्या पत्र्यांकडे पाहिलं आणि शिडीवरचा पाय परत खाली घेतला.

"काका, ह्यांची फिल्म?"

"काढली," ग्रंथपाल म्हणाले. "तुमचा वेळ वाचेल."

"कुठे आहे?"

ग्रंथपाल आत जाऊन छापील गठ्ठा घेऊन आले. प्रत्येक घडीच्या कोपऱ्यात पेनने आकडा होता, एक ते सहा.

फिटरने गठ्ठा हातात घेतला. मग मेहुण्याला दाखवला. मेहुण्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"काका, फिल्मना नंबर घातलेत," फिटर हळू आवाजात म्हणाला. "पत्र्यांना?"

ग्रंथपालांनी पत्र्यांकडे पाहिलं. सहाही पत्रे दुधी होते, दोन्ही बाजूंनी सारखेच दुधी. त्यांनी वही उघडली. वाक्य जसंच्या तसं तिथे होतं. 'ही बाजू' कुठली, ते तेवढं नव्हतं.

"बघून कळत नाही का?"

"बघून कळलं असतं तर कंपनीने छापलं असतं कशाला?"

"आणि उलटी बसली तर?"

"आज काही नाही होणार. छप्पर छप्परच राहील." फिटरने मान खाजवली. "चार-पाच वर्षांत पिवळं पडेल. मग तडे. उजेड जाईल हळूहळू."

उजेड जाईल म्हटल्यावर ग्रंथपाल खिडकीकडे वळले. बायको मशीनवर वाकून सुईत दोरा घालत होती. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्यांदा तिने दोरा ओठांत धरला आणि मान वर केली.

"अगं, तू बघत होतीस ना?" ते खिडकीशी जाऊन म्हणाले. "कुठला कसा ठेवला मी?"

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"आता बोललीस तरी चालेल."

"शब्द दिलाय मी," ती म्हणाली. "उद्या पुन्हा कुठल्या लग्नात ऐकायला नको." आणि फिटरला मोठ्याने विचारलं, "भाऊ, चहात साखर किती?"

ग्रंथपाल दुकानदाराला फोन करायला पुढच्या खोलीत गेले. दुकानदाराने आधी सगळं नीट ऐकून घेतलं, मग त्यांना पुन्हा सांगायला लावलं आणि दुसऱ्यांदा ऐकताना दुकानातल्या आणखी कुणाला तरी ऐकवलं. उपाय त्याच्याकडे नव्हता. "साहेब, अकरा आठवडे!" एवढंच तो म्हणत राहिला.

ते परत आले तेव्हा फिटर आणि मेहुणा चहा पीत होते आणि फिटरचा नूर पालटला होता.

"काका, असं करू," तो म्हणाला. "तुम्ही एवढा अभ्यास केलाय पत्र्यांचा. तुमचा अंदाज आमच्यापेक्षा बरा. मी एकेक उचलून धरतो, तुम्ही सांगा कुठली बाजू वर."

"अंदाज? मी?"

"मग कोण? छप्पर तुमचं."

ग्रंथपाल अंगणाच्या मधोमध उभे राहिले. फिटरने पहिला पत्रा उचलला, कोपऱ्याकडे एकदा पाहिलं, तिथेच अंगठा ठेवून पत्रा त्यांच्यासमोर उभा धरला.

"ही बाजू वर वाटते ना, काका?"

ग्रंथपालांनी डोळे बारीक केले. "वाटते."

"मलाही." पत्रा वर गेला.

दुसऱ्यालाही त्यांना तसंच वाटलं. तिसऱ्याला तर फिटरने विचारायच्या आधीच वाटलं. सुलट बाजूला एक प्रकारची चमक असते, असं त्यांच्या ध्यानात येऊ लागलं. आयुष्यभर आपण उगीच घाबरलो की काय, असाही विचार मनात येऊन गेला. चौथा पत्रा समोर आला तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांब. ही नाही. फिरव."

फिटर थांबला. त्याने खिडकीकडे पाहिलं. आत कात्री थांबली होती.

"नक्की, काका?"

"अगदी नक्की. ह्या बाजूला ती चमक नाही."

"फिरवतो," फिटर म्हणाला आणि त्याने पत्रा फिरवला. मग तो शिडीवरून वर देताना त्याची आणि मेहुण्याची बरीच झटापट झाली. अरुंद दारातून पलंग नेताना होते तशी. पत्रा दोनदा आडवा झाला, एकदा उभा झाला, मेहुणा कुजबुजत्या आवाजात काहीतरी म्हणाला, आणि पत्रा बसला. पाचवा आणि सहावा मुकाट्याने गेले.

संध्याकाळी बायकोने मशीन छपराखाली मांडलं. तिने सुई उजेडाकडे धरली आणि दोरा पहिल्या झटक्यात ओवला. ग्रंथपाल खुर्चीत बसून पुस्तक वाचत असल्यासारखे बसले होते, पण त्यांनी ते पाहिलं.

"उजेड बरा आहे," ती म्हणाली.

अकरा आठवड्यांतलं ते तिचं पहिलं मत होतं. ती आत पीठ मळायला गेली. ग्रंथपालांनी समाधानाने मान मागे टाकली आणि वर पाहिलं.

पहिल्या पत्र्याच्या कोपऱ्यात एक बारीक निळा डाग होता. त्यांना वाटलं, किडा असेल. दुसऱ्याच्याही कोपऱ्यात होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग ते स्टूल घेऊन आले, त्यावर जपून चढले आणि एका डागाला बोट लावलं. बोटाला निळं मेण लागलं. फुली खालच्याच बाजूला होती. त्यांनी स्टूल सरकवत सरकवत सगळ्या पाहिल्या. सहा फुल्या, सहाही खाली. चौथ्या पत्र्याखाली ते जरा जास्त वेळ उभे राहिले.

"काय करताय स्टुलावर?" आतून आवाज आला.

"काही नाही. स्क्रू बघतोय."

ती दारात आली. ग्रंथपालांनी हात खिशात घातला आणि तो जेवायच्या वेळेपर्यंत तिथेच ठेवला.

आठवड्याने फिटर स्क्रू पुन्हा आवळायला आला. बायको मशीनवर होती, ग्रंथपाल खुर्चीत. फिटर शिडीवर चढला, काम झालं, आणि उतरता उतरता त्याचं लक्ष कोपऱ्यांकडे गेलं.

"काका, फडकं द्या. हे खडूचे डाग पुसून टाकतो."

मशीन थांबलं.

ग्रंथपालांनी पुस्तकाचं पान उलटलं. मग चष्मा कपाळावर चढवून, सगळं छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहिलं.

"कुठले डाग?" ते म्हणाले.

फिटरने त्यांच्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. काकू सुईकडे बघत होत्या.

"नाही, मला तसं वाटलं," तो म्हणाला आणि शिडी मिटायला लागला.

मशीन पुन्हा सुरू झालं.