कोणाकडून ऐकलं?

मी रेहल बोलतेय. पाट नाही, पोळपाट नाही आणि घडीची खुर्ची तर मुळीच नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आजवर लोक मला काय काय समजलेत ते माझं मला माहीत! पवित्र ग्रंथ जमिनीवर ठेवायचा नसतो. वाचताना तो ज्या छोट्या लाकडी घडवंचीवर ठेवतात, ती मी. उघडली की फुलीसारखी उभी राहते, मिटली की भिंतीला पाठ लावून गप्प पडते.

मी मेळघाटातल्या सागाची. अचलपूरच्या सहदेव सुतारानं मला एकाच फळीतून कोरून काढलं. माझी दोन पाती एकमेकांत अडकलेली आहेत, पण कुठे खिळा नाही, सरस नाही, सांधा नाही. मधले दात कोरताना पटाशी जरा जरी घसरली असती तर मी त्याच दिवशी चुलीत गेले असते. सहदेव श्वास रोखून बसला होता. काम झाल्यावर त्यानं मला दोनदा उघडलं, दोनदा मिटलं आणि बडे मौलानांच्या हातात दिलं. म्हणाला, "मौलाना, हे एकच लाकूड होय. तुमचं पुस्तक याच्यावरून पडत नाही."

बडे मौलाना हदीस शिकवायचे. पैगंबर साहेब काय बोलले, कसे वागले, शेजाऱ्याशी कसे, आजाऱ्याशी कसे, हे त्यांच्या सोबत राहिलेल्यांनी पाहिलं, ऐकलं आणि पुढच्यांना सांगितलं. ते सांगणं म्हणजे हदीस. त्याचा जाडजूड ग्रंथ माझ्या छातीवर. समोर विद्यार्थी, आणि दाराच्या चिकाच्या पडद्याआड मौलानांची लेक जुलेखा. दात येत होते तेव्हा या बाईसाहेबांनी माझा पाय चावून ठेवला होता. मोठी झाल्यावर ती पडद्यामागे तांदूळ निवडत बसायची. कुणा विद्यार्थ्याचं वाचताना चुकलं की आतून बारीकसा खोकला यायचा. मौलाना मिशीत हसायचे. त्यांनी तिलाही पूर्ण ग्रंथ ऐकवला आणि पुढे सांगायची परवानगी दिली.

विद्यार्थ्यांत करामतअली नावाचा एक सडपातळ तरुण होता. त्याच्यासाठी तो खोकला क्वचितच आला. मौलाना गेले, जुलेखाबी लग्न होऊन अकोल्याला गेल्या आणि मी करामतअलींच्या घरी आले. काळी दाढी पांढरी झाली, करामतअली सगळ्या गल्लीचे दादाजी झाले आणि मी कोपऱ्यातली मानाची जागा धरून बसले.

खरं सांगू? सुरुवातीला मला त्या ग्रंथाचा कंटाळा यायचा. गोष्ट दोन ओळींची आणि तिच्याआधी नावांची ही लांब साखळी. मी अमक्याकडून ऐकलं, त्यानं तमक्याकडून, तमक्यानं आणखी कुणाकडून, असं करत थेट पैगंबर साहेबांपर्यंत. नावं कशाला हवीत इतकी? हे मला कळलं ते दादाजींची नात रुमाना शिकायला बसली तेव्हा.

रुमाना परतवाड्याच्या कॉलेजातून यायची, हातपाय धुवायची आणि दुपारच्या नमाजानंतर लिंबाखाली माझ्यासमोर बसायची. दादाजी तिला सांगायचे. पैगंबर साहेबांना पाहिलेली माणसं एकेक करून गेली. मग कुणी राजाला खूश करायला, कुणी आपला माल खपवायला, मनाच्या गोष्टी त्यांच्या नावावर खपवू लागले. तेव्हा काही माणसं घराबाहेर पडली. एकच वचन नीट ऐकायला कुणी महिनाभर उंटावरून गेला. प्रत्येकाला एकच प्रश्न, कोणाकडून ऐकलं? ज्याचं नाव आलं तो खरं बोलणारा होता का, त्याचं ध्यान, म्हणजे आठवण, पक्कं होतं का, सांगणारा आणि ऐकणारा आयुष्यात कधी भेटले तरी होते का, सगळं तपासायचं. मधली एक कडी निखळली की हदीस जईफ, म्हणजे अशक्त. एक जण असाच लांबून आला, तर ज्याच्याकडून ऐकायचं तो माणूस रिकामा ओचा पुढे करून घोड्याला बोलावत होता. ओच्यात दाणा नाहीच. आलेला पाहुणा तसाच परत फिरला. जनावराला फसवणाऱ्याकडून काय घ्यायचं!

"आन् म्हातारा झालेल्याकडून, दादाजी?" रुमानानं विचारलं होतं.

"ध्यान चांगलं आहे तोवर घ्यायचं. एकाचं ध्यान गेलं तं त्याच्या पोरायनं त्याले घरात ठेवलं, कोणाले ऐकू देल्लं नाही. मंग लोकायनं त्याचं आधीचं सगळं निर्धास्त घेतलं. चांगली पोरं होती बेटा थे."

दादाजींना ही सवयच लागली होती. घरातही तेच. सून शबाना मोबाईल हातात घेऊन म्हणायची, "उद्या नळ येणार नाही म्हणे."

"कोणाकडून ऐकलं?"

"मोबाईलवर आलं नं."

"मोबाईलले कोणी सांगितलं?"

शबाना कपाळाला हात लावायची. गल्लीतली पोरं तर दादाजी दिसले की आपणच ओरडायची, "कोणाकडून ऐकलं?" आणि पळून जायची. दादाजी काठी उगारायचे आणि हसायचे. मलाही फार मजा वाटायची.

रुमानाला सनद हवी होती. तिनं सगळा ग्रंथ दादाजींसमोर वाचायचा, त्यांनी डोळे मिटून ऐकायचा, चुकलं तिथं टोकायचं. शेवटच्या पानानंतर त्यांनी म्हणायचं, जा, आता तू पुढे सांग. मग त्या लांबलचक साखळीत सर्वांत खाली तिचं नाव लागणार होतं. घरात दुसरं कुणीच शिकलं नव्हतं. तिनं पुरं केलं नाही तर बडे मौलानांकडून या घरात आलेली साखळी दादाजींबरोबर मातीत जाणार होती. हे तिला ठाऊक होतं, दादाजींना ठाऊक होतं आणि मलाही.

ग्रंथ थोडाच उरला होता, तेव्हा ते झालं. वाचताना रुमानाकडून साखळीतलं एक नाव राहून गेलं. दादाजींनी टोकलं नाही. ती थांबली, वर पाहिलं. डोळे मिटलेले, मान डोलतेय. तिला वाटलं, थकले असतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी बडे मौलानांची म्हणून एक आठवण सांगितली. ती आठवण मौलानांची नव्हतीच, त्यांच्या न्हाव्यानं सांगितलेली होती, मी स्वतः ऐकलेली! मी लाकूड. सांगणार कुणाला आणि कसं?

रुमानानं बापाला सांगितलं. तो म्हणाला, "वय झालं त्यायचं. तू बोलू नको काही. थोडंसंच राह्यलं नं? वाचून घे, हो म्हणतीन ते. म्हाताऱ्या माणसाचं मन काहून दुखवतं?" तो काही वाईट माणूस नाही. बापावर जीव आहे त्याचा, म्हणूनच तसं म्हणाला.

तिसऱ्या दिवशी रुमानानं ग्रंथ माझ्यावर ठेवला आणि वाचायला लागली. मधेच तिनं एका साखळीतली दोन नावं मुद्दाम उलटीपालटी केली. दादाजींची मान तशीच डोलत राहिली. रुमाना थांबली. तिचे डोळे भरून आले आणि एक थेंब माझ्या पात्यावर पडला. ग्रंथावर पडू नये म्हणून तिनं तोंड फिरवलं होतं.

"काहून थांबली, बेटा?"

"दादाजी, म्या नावं उलटी वाचली. तुमी टोकलं नाही."

"चुकून?"

"परवा चुकून झालं होतं. आज मुद्दाम."

दादाजींनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे रागावणार. या वयात नातीनं आपली परीक्षा घ्यावी! पण त्यांनी हात पुढे केला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"म्या शिकवलं थेच केलं तुनं," ते म्हणाले. "आता ऐक. जिथलोक म्या टोकलं तिथलोक तुह्यं. तिथं खूण ठेव. त्याच्या पुढचं माह्या नावानं कोणाले सांगू नको."

"पण मंग राह्यलेलं?"

"अकोल्याले जुलेखाबी हाय. ते खोकलली की समजून घेजो."

त्यांनी स्वतः ग्रंथ मिटला, कपाळाला लावला आणि मग मला मिटलं. इतक्या हळू मला याआधी कुणी मिटलं नव्हतं. मला रडू येत नाही, पण येत असतं तर तेव्हा आलं असतं.

मग आमची स्वारी अकोल्याला निघाली. ग्रंथ रुमानाच्या छातीशी, मी कापडी पिशवीत तिच्या मांडीवर, आणि एसटी अंजनगाव, अकोट करत धडधडत चाललेली. शेजारी चांदूर बाजारची एक बाई संत्र्यांची थैली घेऊन बसली होती. तिनं मला दाबून पाहिलं. "हे काय होय व बाई, पोळपाट?" घ्या! रुमाना पुष्कळ दिवसांनी हसली. मग तिनं सगळं समजावून सांगितलं. बाई म्हणाली, "एवढ्या थोड्याशासाठी एवढ्या दूर?" आणि तिच्या हातावर दोन संत्री ठेवली. कुणी महिनाभर उंटावरून गेलं होतं, आम्हाला निदान एसटी तरी मिळाली.

जुलेखाबींना आता नीट दिसत नाही. पण कान? कान तेच! त्यांनी मला मांडीवर घेतलं, बोटांनी चाचपलं आणि माझ्या पायापाशी त्यांचं बोट थांबलं. "हे माह्ये दात," त्या म्हणाल्या आणि बोळकं तोंड उघडून हसल्या. मग विचारलं, "करामतभाई काहून नाही आले?"

गुडघे दुखतात म्हणून सांगता आलं असतं. रुमानानं खरं ते सांगितलं. जुलेखाबींनी पदरानं डोळे पुसले. "अब्बांनी त्याले उगाच जवळ नव्हतं केलं," एवढंच बोलल्या आणि म्हणाल्या, "वाच."

रुमाना सुट्टी पाहून जात राहिली. जिथं खूण होती तिथून सुरू झालं आणि शेवटच्या पानापर्यंत गेलं. मधे कितीदा तरी खोकला आला. तोच तो जुना, बारीक खोकला. तो ऐकला की मला आपण पुन्हा नवीकोरी झाल्यासारखं वाटे. शेवटी जुलेखाबींनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "जा, आता तू सांग. खुणेलोक करामतभाईचं नाव घे, पुढे माह्यं."

आता मी पुन्हा अचलपुरात, लिंबाखाली आहे. माझा एक दात झिजलाय, उघडताना करकरते. रुमानासमोर गल्लीतल्या चार मुली बसतात. दादाजी बाजेवर पडून असतात. काही दिवस त्यांना नात ओळखू येते, काही दिवस येत नाही. मला मात्र हात लावून ते रोज विचारतात, कोणाची रेहल हाय? तुम्हाला माझं एकच मागणं आहे. ऐकलेलं पुढे सांगाल तेव्हा ज्यानं सांगितलं त्याचं नाव घ्यायला विसरू नका. नावात माणूस असतो हो.

काल रुमानानं मुलींना एक हदीस वाचून दाखवली, खुणेच्या आधीची. बाजेवरून आवाज आला.

"ए बाई, कोणाकडून ऐकलं?"

मुली खुदकन हसल्या. रुमाना हसली नाही. ती उठून बाजेपाशी बसली. "अचलपूरच्या मौलवी करामतअलींकडून," ती म्हणाली. "त्यायनं बडे मौलानांकडून."

दादाजींनी कपाळाला आठ्या घातल्या. ते नाव त्यांना कुठेच सापडलं नाही.

"भरवशाचा होता का तो माणूस?"

"हो," रुमाना म्हणाली. "ध्यान जाऊन राह्यलं हे कळलं, तवा त्यायनं सोताच सांगितलं, आता माह्याकडून घेऊ नको."

दादाजींच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग त्यांनी समाधानानं मान हलवली.

"मंग घे त्याचं," ते म्हणाले. "निर्धास्त घे."