मूळ पदाची वाट

रास अल खैमाजवळ एका हौशी व्यापाऱ्याने इंग्लंडातल्या जमीनदारांच्या वाड्यासारखी दगडी कोठी बांधली होती. तिच्या धुराड्यांतून धूर कधी निघाला नाही. पण पुढच्या हिरवळीवर रॉकचे मोठमोठे जलसे होत.

श्रीधर आला होता तो लेकीला सोबत म्हणून. कीर्तनात रमणाऱ्या माणसाला हा गोंगाट कुठला रुचायला? बाहेर गाडीत थांबलेल्या शौकतभाईंचा फोन आला की उठायचं, असं ठरलं होतं. दुबईत, अल कुसैसला घरी परतायला त्यांचीच गाडी होती. ईशानीचं आवडतं गाणं मात्र अगदी शेवटी होतं.

ते सुरू झालं आणि पहिल्या कडव्यानंतर गायक थांबला. मागे गिटार हळू वाजत राहिली आणि तो आईशी भांडून घर सोडल्याची हकिगत सांगू लागला. श्रीधर हिरवळीवर मांडी घालून बसला.

तेवढ्यात फोन वाजला. "यल्ला श्रीधरभाई, निघूया. नंतर गर्दीतून गाडी निघायची नाय."

ईशानीने बॅग उचलली.

"बस खाली," श्रीधर म्हणाला. "आख्यान चाललंय. सुरुवातीच्या मूळ पदावर परत आल्याशिवाय उठू नये."

"बाबा, आर यू सीरियस?"

"कसलं आख्यान?" फोनमधून शौकतभाई.

"पोरगा घर सोडून निघालाय. आई दारात उभी आहे."

पलीकडे इंजिन बंद झालं. "मग? थांबवलान काय तिनं?"

"अजून सांगितलं नाही त्याने."

"फोन वर धरा, हबीबी."

गायक पुन्हा पहिल्या ओळीवर आला तेव्हा सगळी हिरवळ उभी राहून गात होती. श्रीधर तेवढा बसलेला, एका हातात फोन उंच धरून, दुसऱ्याने मांडीवर ताल देत.