तीन नंबरच्या विहिरीची डाकीण

"बोलो दर्याबापू की..." म्हणत बापूंनी हात वर केला, की कांदिया बेटावरचे दोनशे मजूर असा "जय!" ठोकायचे की चिखलातले बगळे भुर्र. मग बापू नारळ फोडायचे, डोळे मिटून घटकाभर काहीबाही पुटपुटायचे. आणि काय सांगू, ती घराएवढी काँक्रिटची विहीर कुरकुरत खरोखर चार बोटं खाली जायची! बायांच्या डोळ्यांना धारा लागायच्या. आमचा लोटू मुकादम तर साष्टांग आडवा व्हायचा, तोही चिखलात.

"कूवो नथी अटक्यो, नसीब अटक्युं छे!" बापू सांगायचे, म्हणजे विहीर नाही, नशीब अडलंय. नशीब मोकळं करायला त्यांना रोज शेरभर तूप आणि बसायला नवी सतरंजी लागायची. नशीब फार तूप खातं.

शहाण्णव सालची गोष्ट. सुरतेच्या काठापासून बेटापर्यंत खाडीवर पूल बांधायचं काम चाललं होतं. पाण्यात खांब उभारायचा तर आधी अशी पोकळ विहीर उभी करतात. क्रेनच्या पंजानं आतला गाळ उपसला, की ती आपल्याच वजनानं खाली बसत जाते. तीन नंबरची विहीर बेचाळीस फुटांवर चिकट मातीत अडली. मी श्रीपत. विहीर किती उतरली आणि खाडीचं पाणी किती चढलं, हे दर तासाला फळ्यावर खडूनं लिहायचं, एवढंच माझं काम. लिहायचं. वाचायचं कुणी सांगितलं नव्हतं.

अडलेल्या विहिरीला कारण हवं होतं. बापूंनी ते शोधून दिलं, सुंदराबाई.

सुंदराबाई सुरतेतल्या डिंडोलीच्या खानदेशी वस्तीतली, आमच्याच गल्लीतली. नवरा गेल्यावर मजुरांना भाकरी-भाजी पुरवून तिनं लेकीला वाढवलं. रोज नावेतून डबे घेऊन यायची. बापू म्हणाले, "नीट बघा. ही बाई बेटावर पाय ठेवते तेव्हा विहीर थांबते. ही गेली की विहीर चालते. डाकीण छे!"

लोकांनी नीट बघितलं. आणि तसंच होतं हो! एकदा नाही, सलग नऊ दिवस. तिच्या हातच्या भाकरी खाऊन पोसलेली माणसं तिची सावली चुकवायला लागली. लोटूनं तिचे डबे बंद केले. रविवारी तिला सगळ्यांसमोर आपण डाकीण असल्याचं कबूल करायला लावायचं आणि केस कापून हाकलायचं, असं ठरलं. लेकीची, हर्षदाची, सोयरीक जमली होती. त्या पाहुण्यांनी निरोप धाडला, "रविवारी काय होतं ते बघू."

शनिवारी संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "बाई, माझा नाही विश्वास असल्या गोष्टींवर."

"तं मंग नऊ दिन तोंडमा काय धरेल व्हतं, भाऊ?" ती उसळली. माझी मान खाली गेली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या बापाचा मी पोरगा, आणि लोटू कामावरून काढेल म्हणून गप्प बसलो होतो. लाज वाटली, खरंच लाज वाटली.

मग ती शांतपणे म्हणाली, "ओहोटीले तठे चिखल ऱ्हास, नाव चालत नही. पानी चढस म्हनीसन नाव येस, नाव येस म्हनीसन मी येस. मन्हा पायमा काय से?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. म्हणजे ती येते तेव्हा नेहमी भरती असते! माझा फळा डोळ्यांसमोर आला. भरतीला विहीर जागची हलत नव्हती, ओहोटी तळाला गेली की सरकत होती. आणि बापूंचा नारळाचा मुहूर्त? शुक्रवारी अकरा, शनिवारी पावणेबारा, उद्या रविवारी साडेबारा. रोज पाऊण तास पुढे सरकणारा मुहूर्त कुठल्या पंचांगात असतो? खाडीच्या पंचांगात!

रविवारी सकाळी पहिल्या नावेतून आम्ही दोघं बेटावर उतरलो. सुंदराबाई थेट विहिरीसमोर घमेलं पालथं घालून बसली.

"मी आठेच बससू. इहीर सरकावर उठसू."

एकच गिल्ला झाला. तोवर पाणी उतरायला लागलं, नाव परत गेली. आता तिला हाकलायचं तरी कुठून? चारी बाजूंनी कमरेइतका चिखल.

मी विचारलं, "बापू, ही बसलीये तोवर विहीर सरकेल?"

"एक दोरा पण नाही!"

"पुन्हा एकदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

तूप खाल्लेला आवाज होता, खणखणीत ऐकू गेला. क्रेनवाला कुंदन माझा दोस्त. लोटू "थांब, थांब" ओरडत असताना त्यानं पंजा चालूच ठेवला. अकरा वाजले. बारा. लोक तिच्याकडे बघत होते, मी पाण्याकडे. तिचे ओठ कोरडे पडले होते, पण एकानं पाणी दिलं नाही. मी द्यायला गेलो तर म्हणाली, "पहिले इहीर."

साडेबारानंतर विहीर कण्हली, थरथरली आणि धाडकन दीड फूट खाली गेली. सुंदराबाई तिच्यासमोर बसलेली होती.

बापू हुशार. "जोयुं? बघितलंत? मी तिच्यातली डाकीण काढली!"

"वा! मग संध्याकाळी भरतीला विहीर बोटभर सरकवून दाखवा," मी म्हणालो. बापूंना पळायचं होतं, पण चिखलानं त्यांनाही सोडलं नाही. संध्याकाळी ते घसा बसेपर्यंत ओरडले. विहीर ढिम्म. नाव लागताच तुपाचा डबा तेवढा घेऊन बापू पहिले चढले.

मी लोकांना सांगितलं, "आडातून कळशी ओढताना ती पाण्यात असेपर्यंत हलकी लागते ना? बाहेर आली की हात ओढते. विहिरीचंही तसंच. भरतीला पाणी तिला तोलून धरतं, ओहोटीला तिचं सगळं वजन मातीवर पडतं. एवढंच. यात मंत्र नाही आणि डाकीणही नाही."

लोटू हात जोडून पुढे आला. "वहिनी, चुकी झाली. सिद्ध झालं, तुम्ही डाकीण नाहीत."

सुंदराबाईनं त्याच्याकडे बघितलं. "आन् आज इहीर सरकती नही तं?"

लोटूनं जोडलेले हात खाली घेतले. तिचं बरोबर होतं. बाबांनो, खाली दगड लागला असता तर विहीर त्या दिवशी हललीच नसती, आणि शास्त्र खरं असूनही तिचे केस गेले असते. म्हणून हात जोडून सांगतो, बाईनं आपण माणूस आहोत हे सिद्ध करावं म्हणून विहिरीपुढे बसवू नका. जो तिला डाकीण म्हणतो, त्याला बसवा आणि विचारा, "कशावरून?"