मोरीतली भाकर

मोरी मोकळी करायची लांब स्प्रिंग पाइपात अडीच हात गेली आणि अडली. लोटनने मूठ दोनदा फिरवली, अंगाचा भार देऊन मागं ओढली, तसा चेंबरच्या तोंडाशी पांढुरका लगदा येऊन पडला. त्याने काडीने तो उकलला. बाजरीची भाकर. तुकडे पाण्याने फुगले होते, पण एकावर तव्याचा काळा डाग अजून दिसत होता.

"नाना," त्याने हाक मारली, "परत तेच."

रुपचंद नाना मागच्या ओट्यावर आले. जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, तरी घरातही इस्त्रीचा सदरा असायचा. त्यांनी लगद्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"पाइपाला उतार नाही. मी तुला मागेच म्हटलं होतं."

"उतार मी दिवाळीत नवा काढी दिधा ना. पाणी कसं धावतं, तुम्हीच पाहिलं. पाइपात भाकर येती कोठून?"

"घर आहे. उष्टं-खरकटं जायचंच." नाना आत निघून गेले.

उष्टं असं नसतं, हे लोटनला कळत होतं. सत्तावीस वर्षं तो धुळ्याच्या देवपुरातल्या घरांच्या मोऱ्या मोकळ्या करत होता. केसांचे पुंजके, चहाचा चोथा, साबणाच्या वड्या, एकदा तर एका सुनेची हरवलेली नथ त्याने काढून दिली होती. घराच्या पाइपातून काय निघतं, यावरून घरात काय चाललंय ते त्याला समजायचं. इथे दोन म्हातारी माणसं राहत होती, मुलगी चारुलता लग्न होऊन पुण्याला गेलेली, आणि दोन महिन्यांत मोरी चौथ्यांदा तुंबली होती. दर वेळी भाकर. सबंध, ताजी, चार तुकडे केलेली.

गल्ली देवपूरच्या अगदी टोकाला होती. गटारीची लाइन अलीकडच्या चौकातच संपली होती, म्हणून पुढच्या प्रत्येक घरामागे आपापली सेप्टिक टाकी, मोरीचं पाणीही चेंबरमधून तिच्यातच जायचं. नानांच्या टाकीवर सिमेंटचं झाकण होतं आणि त्या झाकणावर रोज रांगोळी असायची. ठिपक्यांची, नीट, हळदी-कुंकवासकट. टाकीवर रांगोळी लोटनने दुसऱ्या कुठल्याही घरी पाहिली नव्हती.

रांगोळी घालायच्या त्या सुंदरबाई, नानांची बायको. लोटन दारात आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "जेवण व्हयनं का, भाऊ?" सकाळचे दहा वाजलेले असोत, त्याने हो म्हटलेलं असो, ताट बाहेर यायचंच. तो जेवल्याशिवाय त्या त्याला हत्याराला हात लावू देत नसत. ज्या हातांवर लोक वरून पाणी ओततात, त्या हातांत कुणी ताट देतंय, याचं लोटनला आधी बरं वाटलं. बायकोला, लताबाईला, त्याने घरी जाऊन सांगितलंही. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की तो खात असताना सुंदरबाई त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात, शेवटचा घास गिळेपर्यंत. आणि एकदा चेंबरवर वाकलेला असताना त्याला मागून ओढल्यासारखं झालं. वळून पाहिलं, तर त्याच्या सदऱ्याचं टोक सुंदरबाईंनी मुठीत घट्ट धरलं होतं.

"काय व्हयनं, अक्का?"

"काही नही. तू कर काम," त्या म्हणाल्या. मूठ मात्र सोडली नाही.

पाचव्या खेपेला नाना डोळे तपासायला दवाखान्यात गेले होते. लोटन दुपारी बाराच्या सुमाराला आला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मागचं फाटक उघडंच होतं, म्हणून हाक न मारता तो कामाला लागला. पाइप मोकळा झाला, पाणी खळखळत गेलं. ते नीट वाहतंय का, हे ऐकायला तो चेंबरच्या कडेला पालथा झाला.

पाण्याचा आवाज थांबला आणि पाइपातून बाई बोलली.

"जेव ना रे. गरम शे."

शेजारच्या घरात कुणी बोलत असेल म्हणून त्याने मान वर केली. बाहेर सगळं सामसूम होतं. पुन्हा कान लावला, तर आवाज पाइपातूनच येत होता, ओल्या, पोकळ नळीतून, अगदी कानाशी.

"आज बेसन करं. मिरची कमी टाकेल शे." मग बराच वेळ काही नाही. समोरचा काही सांगतोय आणि बाई ऐकतेय, अशी ती शांतता होती. मग, "हा. आनस ना पाणी."

तांब्याभर पाणी सरसरत आलं आणि त्याबरोबर भाकरीचा तुकडा चेंबरमध्ये घरंगळला. लोटनने तो उचलला. तुकडा गरम होता.

या घराच्या आत तो कधी गेला नव्हता. आज चपला काढल्या आणि गेला. स्वयंपाकघरातल्या मोरीपाशी सुंदरबाई उकिडव्या बसल्या होत्या. लोखंडी जाळी काढून बाजूला ठेवली होती. जुन्या मोरीला पाणी धरणारा ट्रॅप नव्हताच, नळीचं काळं तोंड सरळ दिसत होतं. शेजारी ताट वाढलेलं. त्याला बघून त्या दचकल्या नाहीत. ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हळू, भाऊ. तो जेवी राह्यना."

लोटन तिथेच भिंतीला टेकून खाली बसला. "कोण, अक्का?"

त्यांनी उरलेली भाकर मोडली, एकेक तुकडा आत सोडला, पाणी घातलं, मग बोलायला लागल्या. आवाजात रडं नव्हतं.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी चारुलताचा साखरपुडा होता, घरी पाहुणे यायचे होते आणि ऐन वेळी टाकी भरून पाणी अंगणात आलं. टाकी उपसणारी गाडी दोन दिवस मिळेना. नानांनी नाक्यावरून एक माणूस आणला. झाकण काढण्याआधी तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला होता.

"तो म्हने लागना, 'अक्का, भूक लागनी, एक भाकर दे.' मी पाहुण्यांच्या पुऱ्या लाटत होती. मी म्हटलं, आधी काम आवर, हात धुय, मंग खाय." त्या मोरीकडे बघत राहिल्या. "तो टाकीत उतरना, तो परत वर निघनाच नही."

लोटनला ते माहीत होतं. धुळ्यातल्या या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. देवपुरात टाकीतल्या वायूने एक माणूस गेला, पाय घसरून पडला असं लिहिलं गेलं. कोणतं घर, हे लोटनने तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्या घरी काम करणं जड गेलं असतं, आणि अशी घरं किती, कोण जाणे.

"माले त्यानं नावसुद्धा माहीत नही," सुंदरबाई म्हणाल्या. "रोज जेवाले हाक मारस, तर 'रे' म्हणीसन मारस. असं कोणले 'रे' म्हणतस का?"

"मगन," लोटन म्हणाला. "भडगावना होता. घरवाली शे त्याची, रत्ना. पोरी शेतस दोन."

सुंदरबाईंनी ओठांतल्या ओठांत नाव दोनदा म्हणून पाहिलं. मग त्याचा हात धरला. त्या हाताला अजून चेंबरची घाण लागलेली होती. "माले तिच्याकडे ली जाशी, भाऊ? एक डाव."

"ली जास. हातातली कामं आवरू द्या, पुढल्या आठवड्यात जाऊ."

लग्नसराई होती. ज्या घरी लग्न, त्या घरची मोरी तुंबलेली, असं एकेक निघत गेलं. पुढला आठवडा गेला, त्याच्या पुढचाही गेला. संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी लोटन त्या गल्लीतून जात होता, तर नानांच्या दारात चपलांचा ढीग दिसला. सुंदरबाई झोपेतच गेल्या, असं कुणी म्हणालं. तो मागच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिला. झाकणावर रांगोळी नव्हती. चेंबरचं तोंड बंद होतं, तरी त्याला वाटलं, कान लावला तर ऐकू येईल. त्याने लावला नाही.

घरी येऊन तो जेवला नाही. लताबाईने कारण विचारलं, तर म्हणाला, "सांगितलं होतं पुढल्या आठवड्यात."

होळी झाली आणि नानांचा फोन आला. "लोटन, मोरी तुंबलीय."

लोटनने स्प्रिंग गाडीला बांधली. घरात आता एकटे नाना होते. वाटेत दोनदा त्याने गाडी थांबवली, दोनदा पुन्हा चालू केली. मागच्या फाटकाने आत शिरला, झाकण सरकवलं, स्प्रिंग घातली. अडीच हातांवर अडली.

त्याने ओढली. लगदा आला. बाजरीचीच भाकर. पण जाड, एका अंगाला करपलेली, मध्ये कच्ची, आणि कडेला थापताना रुतलेल्या बोटांचे खोल ठसे.

त्याने वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात नाना उभे होते. कोपरापर्यंत पीठ, सदऱ्याच्या बाह्या दुमडलेल्या, उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा फोड.

"जमत नाही रे मला," ते म्हणाले. "ती कशी थापायची कुणास ठाऊक. पाणी जास्त होतं की काय."

लोटन उभा राहिला. "नाना, तुम्हाला माहीत होतं?"

"रोज दुपारी पेपर तोंडापुढे धरून बसायचो. ऐकत." नानांनी चौकटीचा आधार घेतला. "ती गेल्यावर पाच-सहा दिवस गप्प राहिलो. मग बारा वाजले की बसवेना. वाटायचं, खाली कोणीतरी ताटकळलंय." त्यांनी अंगठ्यावरचं पीठ पुसलं. "तो माणूस म्हणत होता, साहेब, उपसणाऱ्या गाडीची वाट बघू. मी म्हटलं, उतर. पाय घसरला असं मीच लिहून दिलं. सुंदरला वाटत राहिलं, भाकर दिली असती तर तो वाचला असता. मी तिला कधी सांगितलं नाही, की तो उतरायला तयारच नव्हता."

लोटनने चेंबरवर झाकण ओढलं. नळाखाली हात धुतले, साबण लावून, दोनदा. दुपारी त्याला एका शाळेचं काम होतं. त्याने मुख्याध्यापकांना फोन करून आज येत नाही म्हणून कळवलं.

"चला, नाना. पीठ धुवा."

"कुठे?"

"भडगावले."

दोन तास ऊन अंगावर घेत मोटरसायकल गेली. नाना मागे सीटची कडी धरून बसले होते. गिरणा नदीचा पूल ओलांडल्यावर मात्र त्यांनी लोटनचा खांदा धरला आणि तो सोडला नाही. लोटनने विचारत विचारत घर काढलं. पत्र्याची दोन खणांची जागा, दाराशी कडुलिंबाचं झाड. रत्ना शाळेत खिचडी शिजवून नुकतीच आली होती. चाळिशीच्या आतली बाई, केस मागे घट्ट बांधलेले.

नाना अंगणात उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. कोण ते, कोणतं घर, तो नको म्हणत होता ते, लिहून दिलेलं खोटं होतं ते. बायकोची भाकर सांगताना थोडे अडखळले, पण तेही सांगितलं. लोटन गाडीपाशीच थांबला होता.

रत्ना दारात उभी राहून ऐकत होती. नानांचं संपल्यावर तिने विचारलं, "त्यासनी खालतून हाक मारी का?"

नाना म्हणाले, "मला माहीत नाही. त्याला उतरवून मी आत गेलो होतो. पाहुण्यांसाठी पंखा लावायचा होता."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. अंगणात एक कोंबडी माती उकरत होती. नानांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. ते उन्हातून हलले नाहीत.

"ऊन शे," अखेरीस रत्ना म्हणाली. "सावलीमा व्हा."

ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. नाना दोन पावलं सरकून लिंबाखाली उभे राहिले.