नळीवरचा हात

"हात काढा वो. निवतंय."

मालकांनी हात काढला नाही. पोटात बसवलेल्या नळीच्या तोंडावर डावा पंजा आडवा धरून ते माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांची बोटं एकेक करून उचलली, हात गादीवर दाबून धरला आणि पिचकारी नळीला लावली. ज्वारीची आंबील होती, फडक्यातून दोनदा गाळलेली. डब्यातलं ते पांढरं औषधी पाणी मला पटत नव्हतं. जन्मभर भाकरी खाल्लेल्या माणसाच्या पोटाला त्याची काय ओळख असणार?

तेवढ्यात रेनाटे आली. ही आमच्याकडं रोज येणारी नर्स, इथल्याच जर्मन खेड्यातली, शेतकऱ्याची पोर. मोटारीत घालावं तसं तिच्या आवाजात डिझेल.

"नाईन! फ्राऊ जगदाळे, नाईन!"

"'नाही, नाही' म्हणून ओरडती कशाला? नवरा माझा हाय."

तिला मराठी कळत नाही, पण माझा सूर कळला. तिनं येऊन पिचकारी माझ्या हातातून काढून घेतली, मालकांचा दाबलेला हात मोकळा केला आणि चोळत बसली. मग सुनेला हाक मारली. सुकन्या कामाची मीटिंग सोडून कानातलं यंत्र काढत आली. दोघी जर्मनमध्ये बोलल्या. सुकन्याचं तोंड उतरलं.

"आई, ती म्हणतेय की आंबिलीनं नळी चोंदेल, ते एक. पण मोठी गोष्ट ती नाही. आप्पा रोज हात आडवा धरतात आणि तुम्ही रोज तो बाजूला करता. हे जबरदस्तीनं भरवणं झालं. तिला डॉक्टरांना सांगावं लागणार."

"सांग म्हणावं. त्या डागदराला बी जेवायला बोलीव. बघते कसा हात आडवा धरतो ते."

रेनाटेनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

आमच्याकडं पंगतीला बसलेला माणूस 'पुरे' म्हणतो, ताटावर दोन्ही हात धरतो, अंग मागं घेतो. त्याला कुणी खरं मानत नाही. वाढणाऱ्या बाईची परीक्षा तिथंच असते. मी तर बोटांच्या फटीतून तूप सोडायची. आमच्या घरच्या पंगतीला जायचं म्हणजे सकाळी काही खायचं नाही, असं भावकीत बोललं जायचं, आणि त्याचा मला ताठा होता. अजून आहे. मग मालकांनी नळीवर हात धरला तर मी काय समजणार? मी वाढत राहिले.

माझा मुलगा मोहन इंगोलश्टाटच्या मोटारीच्या कारखान्यात इंजिनियर. घर मात्र त्यानं शहराबाहेर खेड्यात घेतलं, आम्हा दोघांना माती दिसावी म्हणून. इथं बियरसाठी लागणाऱ्या हॉप्सचे मळे आहेत. उंच उंच खांब, वर तारांची जाळी, उन्हाळ्यात त्याच्यावर वेल चढतो तेव्हा हिरव्या गल्ल्या होतात. मालक मळ्यात जाऊन वेलांना हात लावून यायचे, भाषा येत नसताना बांधावरच्या म्हाताऱ्यांशी खुणांनी पिकाचं बोलायचे. वेल कापून नेल्यावर, गेल्या शरदात, अंगणातच कोसळले. मेंदूच्या खालच्या अंगाला रक्त पोचलं नाही म्हणे. बोलणं गेलं, गिळणं गेलं, सगळं अंग गेलं. डावा हात राहिला आणि समज राहिली. समज गेली असती तर बरं झालं असतं, असं एकदा माझ्या तोंडून गेलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडं जे बघितलं ते मी कुणाला सांगत नाही.

आता थंडी सरायला आली होती तरी जमीन दगडासारखी होती. खिडकीतून नुसते खांब नि तारा दिसायच्या. छातीत कफ भरायचा, रेनाटे यंत्र लावून तो ओढून काढायची, तेव्हा मालकांचं तोंड निळं व्हायचं. पाठीला जखम झालेली. ती धुताना आवाज करता येत नसलेला माणूस कसा ओरडतो, ते मी बघितलं आहे.

त्या संध्याकाळी मोहन घरी आला तो बूट न काढताच माझ्यासमोर बसला.

"आई, आल्झो... म्हणजे, हे बघ. डॉक्टर परवा येताहेत. ते आप्पांनाच विचारणार. आप्पा नको म्हणाले तर खाणं बंद करतील. त्रास होऊ नये म्हणून औषध देतील."

"आन् मग?"

"मग... जातील ते. हळूहळू."

"उपाशी मारनार म्हन की सरळ."

"मारणार नाही. थांबणार. गळा दाबणं आणि थांबणं एकच का?"

"फरक हाय ना. गळा दाबनाऱ्याचा हात तरी दुखतो."

मोहन बुटाची नाडी सोडू लागला. सुकन्यानं ओट्याजवळून म्हटलं, "आई, त्यांच्या अंगात घालायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं ना?"

"तू बोलू नगंस. तुला खोली मोकळी पायजे."

बोलले आणि मलाच ते लागलं. सुकन्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे हात ओले होते.

"आप्पांची पाठ मी धुते, आई. तुम्हाला बघवत नाही म्हणून तुम्ही बाहेर जाता तेव्हा. खोली पाहिजे असती तर कधीच त्यांना होममध्ये पाठवलं असतं. पण तुमचं विचारणं चुकीचं नाही. आपण दमलोय म्हणून तर हे म्हणत नाही ना, हे मी स्वतःला रोज विचारते."

"आन् काय उत्तर मिळतं?"

"कधी कधी हो, असंच मिळतं. म्हणून तर आपण ठरवायचं नाही. त्यांना विचारायचं."

मग मोहननं गावाकडच्या बैलाची गोष्ट काढली. आमचा पवळ्या विहिरीत पडला होता, पाठ मोडली होती. मालकांनी स्वतः जनावरांच्या डॉक्टरला बोलावून सुई द्यायला लावली, मुंडकं मांडीवर घेऊन बसले होते.

"तेव्हा आप्पांनी पाप केलं का गं?"

"त्येंनी ठरवलं आन् त्येंनीच भोगलं. किती दिवस गोठ्यात पाय ठेवला न्हाई, ठावं हाय का तुला? मारनाऱ्याला ते फेडावं लागतं, मग कारन किती बी चांगलं असू दे. आन् पवळ्या काय म्हनला न्हवता मारा म्हनून."

"गेनाऊ, तेच तर," मोहन म्हणाला. "पवळ्या म्हणाला नव्हता. आप्पा म्हणताहेत."

मी उठून गावी फोन लावला. धाकट्या दिरांनी उचलला.

"वैनी, ऐका माजं," भावजी म्हणाले. "श्वास देवानं दिलाय, त्योच न्हेईल. मधी आपुन कोन? मानूस आज मरायचं म्हनतो, उद्या नातवाचं तोंड बगून जगायचं म्हनतो. गेल्यावर काय विचारनार त्याला, चुकलं का म्हनून? तुमी वाडत ऱ्हावा."

"मी तेच म्हनते, भावजी."

"आन् हितं लोक काय म्हनतील, त्याचा बी इचार करा. बायकूनं जर्मनीत न्हेऊन उपाशी मारला."

फोन ठेवला तेव्हा अर्धं बोलणं मला देवाचं वाटलं आणि अर्धं चावडीचं. पण मी दोन्ही पदरात बांधून घेतलं.

डॉक्टर आले. तरणाच होता, मोहनपेक्षा लहान. खुर्ची पलंगाला लावली, मालकांचा डावा हात आपल्या हातात घेतला. हो असेल तर एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा. सुकन्या मराठीत सांगत होती.

तुमचं नाव मोहन का? दोनदा. तुम्ही जर्मनीत आहात का? एकदा. तुम्हाला बरं व्हायची आशा वाटते का? दोनदा. नळीतून खाणं पाहिजे का? दोनदा. ते बंद केलं तर मरण येईल, हे समजलं का? एकदा. कुणी तुम्हाला हे करायला सांगितलं का? दोनदा, जोरात.

"आता माझं विचार," मी सुकन्याला म्हटलं. "म्हनावं, ह्या बाईचं काय?"

सुकन्यानं विचारलं. मालकांनी ना एकदा दाबलं, ना दोनदा. डोळे मिटून घेतले.

डॉक्टर मला म्हणाला, ते सुकन्यानं सांगितलं: यांच्या मर्जीविरुद्ध यापुढं एक थेंब घातला तर इथं तो गुन्हा आहे. रोज विचारू. ज्या दिवशी हात काढतील त्या दिवशी पुन्हा सुरू करू.

"रोज इचारनार ना?" मी म्हटलं. "मग झालं."

मी काय ठरवलं ते कुणाला सांगितलं नाही. लग्न होऊन आल्यापासून मालकांच्या आधी मी कधी जेवले नाही. रानातून उशीर झाला, बाजाराला गेले, कोर्टकचेरीला गेले, तरी माझं ताट झाकलेलं. ते दवाखान्यात होते तेव्हाही नळीतून त्यांचं झालं असं नर्सनं सांगितल्यावर मी घास घ्यायची. तर आता तेच धरून बसले. पलंगाशेजारी खुर्ची टाकली, रिकामं ताट मांडीवर घेतलं.

"तुमी न्हाई, तर मी बी न्हाई," त्यांना सांगितलं. "बघू कोन आधी उठतंय."

मोहन ओरडला, पाया पडला. "आई, तुला शुगर आहे!" म्हणाला. रेनाटे माझ्या बोटाला सुई टोचून आकडा बघायची नि मान हलवायची. मी पाण्याशिवाय काही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उठायला गेले आणि खुर्चीसकट खाली आले. ताट फरशीवर फिरत गेलं. मालकांच्या घशातून एक आवाज आला, इतक्या महिन्यांत पहिला. सुकन्यानं मला उचलून बसवलं. बघते तर मालकांनी नळीवरचा हात काढून बाजूला ठेवला होता.

"बघा!" मी म्हटलं. "बघा, काढला हात! विचार त्येंना, रेनाटे, विचार!"

रेनाटेनं सुकन्याकरवी विचारलं. एकदा दाबलं.

डब्यातलं खाणं तिनं नळीला जोडलं. मी जिंकले. स्वयंपाकघरात सुकन्यानं माझ्यापुढं भाकरी ठेवली, गरम होती, आणि मी खाल्ली. खाताना भावजींना फोन करून सांगितलंसुद्धा.

भावजींचा 'शाब्बास वैनी' ऐकून फोन ठेवला. सुकन्या समोर बसली होती.

"आई, एक बोलू? रागवा हवं तर."

"बोल."

"आप्पा जगायला तयार नाही झाले. तुम्हाला मरू द्यायला तयार नाही झाले, इतकंच."

"लई शिकलीस म्हनून कायबी बोलू नगंस."

पण घास तोंडातच राहिला. उठून त्यांच्याकडं गेले. पांढरं पाणी थेंब थेंब उतरत होतं. मालकांचा हात अंगापासून लांब, पलंगाच्या कडेला, उताणा पडला होता. सुई द्यायच्या आधी पवळ्या असाच निपचित पडला होता. डोळ्यांतून पाणी कानात चाललं होतं आणि ते पुसायलाही त्यांनी तो हात उचलला नाही. उचलला तर मी काय समजेन, या भीतीनं.

मी दार लावून घेतलं. त्यांचा हात हातात घेतला.

"माझ्यासाठी काढला व्हय हात?"

एकदा.

"लई दुखतंय?"

एकदा. मग पुन्हा एकदा, मी विचारलं नसताना.

"जायचंय?"

एकदा.

"अवो, मला ह्ये पटत न्हाई. तुमी सांगितलंत म्हनून पाप पुन्य होत न्हाई. श्वास बंद पाडनं ते बंद पाडनंच. उद्या मला कुनी खुनी म्हनलं तर मी काय तोंड दाखवू? सांगा की!"

त्यांनी सांगायचं कशानं? नुसतं बघत राहिले. एवढ्या संसारात या माणसानं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं, मी मागायच्या आधीच वाढून टाकायची.

"मी जेवले, तर जाशील?"

जन्मात पहिल्यांदा मी त्यांना अशी एकेरी बोलले. त्यांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

दुसऱ्या दिवशी रेनाटेनं विचारलं, पाहिजे का? दोनदा. ती माझ्याकडं वळली. मी भिंतीकडं तोंड केलं. नळी गुंडाळून तिनं वरून पट्टी चिकटवली आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला. तिनं पुन्हा ठेवला.

दुपारी मी सुकन्याला ताट वाढायला सांगितलं. पलंगाजवळ, त्यांना दिसेल असं. भाकरी, वांग्याचं भरीत, वर तेल. बाहेर मळ्यात लोक ट्रॅक्टरवर उभे राहून नव्या तारा बांधत होते, यंदाच्या वेलांसाठी. मालकांचे ओठ कोरडे पडले होते, सुकन्यानं ओल्या कापसानं ते पुसले.

पहिला घास हातात घेतला तो हातातच राहिला. ज्याच्याआधी कधी जेवले नाही त्याच्यासमोर, तो उपाशी असताना, तोंड हलवायचं. हे कुठल्या शास्त्रात बसतं मला ठाऊक नाही. चांगलं केलं म्हणणार नाही. वाईट केलं असं कुणी माझ्या तोंडावर म्हणून बघावं. घास तोंडात घातला, चावला, गिळला. मालक बघत होते. दुसरा घातला. त्यांचा श्वास जरा सरळ झाला. मी रडत नव्हते, जेवत होते, आणि ते मला नीट बघता यावं म्हणून मी खुर्ची आणखी पुढं ओढली.

भाकरी संपली. सुकन्या दारात उभी होती. हातात भाकरीचं टोपलं होतं.

"आई... आणखी अर्धी वाढू?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं.

"वाढ," मी म्हटलं.