विजेच्या तारेला सुताची गाठ

रोज सकाळी डबा घेऊन "कामावर जातो" म्हणत निघालेला माणूस खरंच कामावर जातो का, हे आपण कधी विचारतो? आपला विणकर असाच निघायचा. गिरणी बंद पडली तेव्हापासून तो घरीच होता. मग एक दिवस त्याने बायकोला थाप मारली, "गोदामात चिकटलोय, पगार जरा उशिरा सुरू होईल." जायचा मात्र वायरमनच्या मोफत प्रशिक्षण वर्गाला. पन्नाशी उलटल्यावर बाकावर बसून शिकायचं, हे सांगायला जीभच रेटेना!

वर्ग एका उंच शेडमध्ये भरे. छपराच्या काचांतून ऊन झिरपे, त्यात धुळीचे कण संथ तरंगत, आणि पंखा आपला गुणगुणत राही. त्या गुणगुणीत विणकराला माग ऐकू यायचे. उघड्या डोळ्यांनी तो गिरणीत पोचायचा, पांढरं शुभ्र कापड लाटेसारखं पुढे सरकायचं, आणि जीव कसा निवांत व्हायचा.

त्या दुपारी मास्तरांनी दोन तारा पीळ देऊन जोडायला सांगितल्या. विणकराची तंद्री लागली होती, बोटं आपोआप चालली. भानावर येऊन पाहतो तर काय! तुटलेल्या सुताला मारतात तशी बारीक, चपटी गाठ त्याने तांब्याच्या तारांना मारली होती.

"काय आजोबा, विजेला स्वेटर विणताय का?" शेजारच्या बाकावरचा टॅक्सीवाला खदखदून हसला. सगळा वर्ग हसला. विणकराने पकड खाली ठेवली आणि सरळ दाराकडे निघाला.

"काका, उद्या आला नाहीत तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल हं!" मास्तर मागून ओरडले.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "गोदाम लवकर सुटलं वाटतं?" तिने विचारलं आणि विणकराचा बांधच फुटला. त्याने सगळं सांगून टाकलं.

"मला कधीचंच कळलंय," ती म्हणाली. "गोदामात बसून बोटांना तारेचे ओरखडे पडतात होय? अहो, मागावर नवे होतात तेव्हा किती सूत तोडलंत?"

"तेव्हा पोरसवदा होतो मी."

"मग आता वय झालं म्हणून चुकायचीही चोरी? तुम्ही शिकताय याची मला कसली लाज? माझ्याशी खोटं बोललात, त्याचं मात्र वाईट वाटलं."

विणकराच्या मनात आलं, खरंच, आपण लपवत होतो ते काय! चोरी नव्हे, दरोडा नव्हे, शिक्षण!

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी तो बाकावर हजर होता. वर्ग भरल्यावर उभा राहिला. "काल मी तारेला सुताची गाठ मारली," तो म्हणाला. "जन्मभर तेच केलंय, हात विसरत नाहीत. इथे येतो हे घरीही लपवलं होतं. आता नाही लपवणार. मास्तर, तो जोड परत दाखवा."

कोणी हसलं नाही. पंखा गुणगुणत राहिला. टॅक्सीवाल्याने हातातली तार खाली ठेवली आणि तो हळूच म्हणाला, "दादा, माझ्या घरी अजून वाटतं, मी टॅक्सीच चालवतोय."

"माझ्याही घरी ठाऊक नाही," मागून कोणीतरी पुटपुटलं. मग आणखी एकजण.

मंडळी, पोटासाठी उतारवयात नवं शिकणाऱ्याला तोंड लपवावं लागतं, ते आपल्या हसण्यामुळे. लाज वाटायचीच असेल, तर ती आपल्याला वाटू द्या!